तीन बोटं कापड

"मागाचा आवाज तेवढा ऐकत राहजो, तृप्ती. मोतीलालभाऊले भाजी नाई देल्ली तरी चालन, पन आवाज ऐकत राहजो," असं कुसुमताई लाखांदूरच्या एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या होत्या. तृप्तीनं कडेवरच्या चिमीची टोपी सारखी करत, मागच्या माणसांना वाट मिळावी म्हणून सासूला जवळजवळ आत ढकलत, "हो आई, ऐकीन, तुम्ही चढा आधी," म्हटलं होतं. ऐकीन! जसं काही कान बंद करायची सोय होती. सासू नणंदेच्या बाळंतपणाला महिनाभरासाठी निघालेली, घरात अकरा महिन्यांचं लेकरू, नवरा सकाळी सातला मोटरसायकल काढून वरठीला प्लांटवर जाणारा. आणि या बाई गॅसचं, दुधाचं, औषधाचं काही न बोलता शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातमागाचं सांगून गेल्या. ऑटोत बसेपर्यंत ती ते विसरली. विसरली हे म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे तिनं ते बाजूला सारलं, जेवताना कढीपत्ता ताटाच्या कडेला सारावा तसं, न बघता. आणि आता, जानेवारीत, शेजारच्या बंद दारावर 'घर विकणे आहे' असा बोर्ड लागलेला असताना, तिला ते वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. ऐकू आलं की तिचा आधी सासूवर संताप होतो. अजून एक वाक्य बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? का ऐकायचं, एवढं सांगितलं असतं तर? पण एकतीस वर्षं ज्या गोष्टीचं कारण कोणाला द्यावं लागलं नाही, तिचं कारण द्यायचं असतं हे त्यांना सुचावं तरी कसं.

एकतीस वर्षं. भंडाऱ्याहून वरठीकडे जाताना गाव संपतं न संपतं तिथे ही विणकर वसाहत लागते. बावीस घरं, दोन-दोन घरांना मधली भिंत एक, पुढे आंगण, मागे आंगण, आणि प्रत्येक घराच्या मागच्या बाजूला मागाची खोली, जमिनीत खड्डा असलेली. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, खाली पावड्या दाबतो आणि वर धोटा फेकतो. सगळी घरं विणकरांसाठीच बांधलेली. मग एकेकानं माग मोडला, घर विकलं. शाळामास्तर आले, पोस्टातले आले, प्लांटवरचे आले. तृप्तीचे सासरे श्यामराव मास्तर पहिल्या बाहेरच्यांपैकी, एकतीस वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी मागाची खोली तशीच ठेवली होती, धान्याच्या कोठ्या ठेवायला. तृप्ती लग्न होऊन आली तेव्हा प्रफुल्लनं खड्डा विटांच्या तुकड्यांनी बुजवला, वर टाईल्स लावल्या, एसी लावला आणि ती त्यांची झोपायची खोली झाली. पलंगाच्या उजव्या पायाजवळच्या चार टाईल्स अजून पोकळ वाजतात. बाकी घरांत त्या खोलीचं कुठे ब्युटी पार्लर झालं, कुठे गाड्या ठेवायची जागा. बावीस घरांत माग उरला तो एक, मोतीलाल काकाजींचा, आणि तो बरोबर तृप्तीच्या उशीच्या पलीकडे, एका विटेच्या भिंतीआड. धोटा धावला की खट्, फणी आदळली की धप्. सकाळी सहाला सुरू. करवती काठाची कोशाच्या रेशमाची साडी, तीन धोट्यांचं काम, ते यंत्रावर होत नाही म्हणतात. खट्, धप्. खट्, धप्. कुसुमताई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "आज मोतीलालभाऊचा हात जड हाय, कनकन असन," आणि दुपारी खरंच काकाजी डोक्याला फडकं बांधून दारात बसलेले दिसायचे. तृप्ती हसायची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईनं या असल्या गोष्टींना हसायचंच असतं.

हसणं चिमी होईपर्यंत टिकलं. चिमी दीड महिना आधी आली, एक किलो सहाशेची, आणि नागपुरात एकवीस दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आली तेव्हा तृप्ती पहिल्यासारखी उरली नव्हती. ती लेकराचा श्वास मोजायची. पाळण्यावर तिनं कॅमेरा लावला होता. स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, जाईल तिथे मोबाइलवर चिमीची छाती वर-खाली होताना बघायची. एक ॲप होतं, त्यातून पंख्याचा घरघर आवाज निघायचा, बाळ झोपावं म्हणून. तो दिवसभर चालू. आणि त्या घरघरीतून, एसीच्या आवाजातून, भिंतीतून, खट्, धप्. चिमी दचकायची. दोन्ही हात हवेत उडायचे. डॉक्टर म्हणाले होते, बाळं दचकतातच, नॉर्मल आहे. पण डॉक्टरांच्या उशीशी माग नव्हता. "सांगून दे ना त्याले," प्रफुल्ल पांघरुणातून म्हणायचा. "तुम्ही सांगा की. तुम्ही लहानपणापासून ओळखता." "मी कसा सांगू? त्याच्या मांडीवर मोठा झालो मी. तू सांग. सुनेचं कोनी मनावर घेत नाई." हे वाक्य तिनं तेव्हा ऐकून सोडलं होतं. आता आठवलं की तिला तो पांघरुणासकट पलंगावरून खाली ओढावासा वाटतो. सुनेचं कोणी मनावर घेत नाही! त्या भिंतीपलीकडच्या माणसानं घेतलं ना. असं घेतलं, की.

मार्चच्या एका दुपारी ती चिमीला घेऊन मागच्या आंगणातून गेली. काकाजी खड्ड्यात बसलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, भिंतीवर काकूचा फोटो, तीन वर्षांचा हार सुकलेला. तिनं मनात चांगली तयारी केली होती: आवाज, डेसिबल, कमी वजनाचं बाळ. दोन वाक्यंही झाली नाहीत तर म्हाताऱ्यानं धोटा बाजूला ठेवला. "अवं सूनबाई, लेकराले झोप नाई म्हनता? मंग आधी काहून नाई सांगतलं? तीन महिने झोपू नाई देल्लं मी पोट्टीले?" त्याचा चेहरा असा झाला, जसं त्यानं लेकराला मारलंच होतं. "थोडं उशिरा सुरू केलं तरी चालेल, काकाजी." "उशिरा म्हनजे किती? लेकरू का घड्याळ पाहून उठते?" मग त्यानंच तोड काढली. दोन्ही आंगणांमधून कपडे वाळवायची एकच तार गेली होती, अर्धी त्याची अर्धी यांची, काकू असल्यापासूनची. "पोट्टी उठली का तारावर तिचा टावेल टाकत जा. मले इथून दिसते. टावेल हाय तं माग चालू, टावेल नाई तं मी आपला कांड्यांवर धागा भरत बसतो. हाव का नाई गं, चिमाबाई?" आणि चिमी, जी जागी असली की रडून घर डोक्यावर घ्यायची, ती त्याच्या दोऱ्याच्या चष्म्याकडे बघून हसली. तृप्तीला इतकं हलकं वाटलं की घरी येऊन तिनं फोनवर आईला सांगितलं, किती समजूतदार माणूस आहे म्हणून.

समजूतदार. त्या शब्दाचासुद्धा आता तिला राग येतो. त्यानं भांडायला हवं होतं. चाळीस वर्षं विणतो आहे, तुझ्या नवऱ्याच्या बारशालाही विणत होतो, कान झाक लेकराचे, असं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही, आणि गुलाबी टॉवेल तिच्या हाती आला. पहिले काही दिवस ती चिमी उठल्याबरोबर धावत जाऊन तो तारेवर टाकायची. मिनिटाभरात खट्, धप् सुरू व्हायचं, जणू बटण दाबलं. मग कधी चहा झाल्यावर टाकायची. कधी चिमी उठून खेळत असली तरी तिला स्वतःला दहा मिनिटं शांतता हवी म्हणून टाकायची नाही. एकदा तर दुपारभर विसरली, आणि संध्याकाळी कपडे काढायला गेली तेव्हा काकाजी आपल्या दारात बसून तारेकडे बघत होते. "पोट्टी बरी हाय ना?" एवढंच विचारलं त्यांनी. महिन्याला दोन साड्या निघायच्या त्या दिवाळीपर्यंत एकीवर आल्या. कुसुमताईंना हे पटलं नव्हतं. "तुझे सासरे गेले तेव्हा त्यानं आपल्या मनानं माग थांबवला होता, तेरा दिवस. अमोशेले थांबवते, देवाचा म्हनून. मानसानं सांगून कधी थांबवला नाई त्यानं." तृप्ती म्हणाली होती, "मी काही जबरदस्ती केली नाही, आई. त्यांनीच सुचवलं." खरं होतं ते. तिच्या आयुष्यातली सगळ्यात निरुपयोगी खरी गोष्ट.

सासू गेल्यावरच्या दुसऱ्या आठवड्यात चिमीला सर्दी झाली. सोमवारी दिवसभर ती चिडचिडी. टॉवेल सकाळी तासभर होता, माग तासभर चालला, मग तिनं टॉवेल काढून घेतला. मंगळवारी चिमी जरा बरी वाटली. दहाच्या सुमारास तृप्तीनं टॉवेल तारेवर टाकला आणि लेकराला अंघोळीला घेतलं. नळ धो-धो, चिमी रडते आहे, वाफेनं आरसा धुरकटलेला, बादलीवर ठेवलेल्या मोबाइलमधून रिकाम्या पाळण्याशेजारच्या पंख्याची घरघर. अंग पुसून, पावडर लावून, कपडे चढवून ती लेकराला घेऊन खोलीत आली तर शांतता. तिला ती शांतता अजून अंगाला लागते, ओल्या टॉवेलसारखी. तेव्हा मात्र तिला बरं वाटलं होतं. चला, आज अमावस्या असेल. एवढाच विचार. अमावस्येला विणकर मागाला हात लावत नाही हे तिला सहा वर्षांत माहीत झालं होतं, आणि अर्धवट माहिती असलेल्या माणसासारखी ती लगेच उत्तरापाशी पोचली. कॅलेंडर स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी टांगलेलं होतं. चार पावलं. त्यावरच तिनं दुधाच्या खुणा केल्या होत्या त्या सकाळी. ती चिमीला छातीशी घेऊन पलंगावर आडवी झाली, आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा दोघी दोन तास गाढ झोपल्या. एका विटेपलीकडे.

बुधवारी चिमीला ताप आला. टॉवेल टाकायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर ती कॅमेऱ्यात बघत राहिली, थर्मामीटर झटकत राहिली, सासूला फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणत राहिली. शेजारी आवाज नव्हता, कारण तिनंच आवाज नको म्हटलं होतं. यात काही चूक दिसत नव्हती. गुरुवारी सकाळी आठला लाखांदूरहून फोन. नणंद हर्षाला मुलगा झाला होता, पहाटे. अभिनंदन झालं, वजन झालं, मग कुसुमताई म्हणाल्या, "आज अमोशा हाय, सांजच्याले उंबऱ्यावर दिवा ठेवजो."

"आज? आज नाही, आई. अमावस्या मंगळवारी झाली."

"मंगळवारी कुठून आली? अवं, क्यालेंडर पाह्य. कार्तिकाची अमोशा आज हाय."

"पण मंगळवारी काकाजींनी माग..."

पलीकडे लाखांदूरच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मग कुसुमताईंचा आवाज, एकदम बारीक. "तृप्ती. जाय. फोन ठेव अन् जाय."

ती गेली. चिमीला पाळण्यात रडत टाकून गेली, हेही ती लोकांना सांगत नाही. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकाजी खड्ड्यात होते. पाय खाली पावड्यांवर, धड पुढे मागावर कोसळलेलं, गाल नव्या विणलेल्या कापडावर टेकलेला, आणि तोंडातून ओघळलेल्या लाळेचा पिवळट डाग कोशावर सुकलेला. खोलीत घाण वास. मेले, असं तिला वाटलं, आणि त्यात एक क्षणभर, ती स्वतःला क्षमा करत नाही पण लपवतही नाही, एक क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं: मेलेले असतील तर कधी मेले हे कोणी विचारणार नाही. मग डावा डोळा हलला. तिच्याकडे वळला. ओठ पापडासारखे. ती किंचाळली तशी समोरचे वासुदेवराव बनियनवरच धावत आले, आणखी दोघं आले. त्यांनी बगलेत हात घालून त्यांना खड्ड्यातून वर काढलं, तेव्हा पाय गुडघ्यात वाकलेलेच राहिले, बसल्यासारखे.

"शेवटचे नीट कधी होते?" दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं विचारलं. अर्धांग होतं, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता येतं, म्हणून वेळ हवी होती. "कोणी बघितलं शेवटचं?" वासुदेवरावांनी तृप्तीकडे बघितलं. "सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी... ऐकलं होतं." "ऐकलं म्हणजे? बोललात त्यांच्याशी?" "नाही. माग ऐकला होता." डॉक्टरनं पेन थांबवलं, मग कागदावर नुसती रेघ ओढली. त्या रेघेचं काय करायचं हे तिला अजून कळलेलं नाही. पुढच्या चार दिवसांत वसाहतीच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरला, हात जोडलेल्या चिन्हांसकट. 'जागरूक शेजारी'. 'तृप्तीताईंमुळे प्राण वाचले'. कोणीतरी लिहिलं, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी कॅमेरे बसवावेत. नागपूरहून मुलगा हेमराज आला, तिच्यासमोर रडला. "वहिनी, तुम्ही होत्या म्हनून बाबा हायेत." ती काय म्हणाली? "असं काय बोलता, भाऊ." आणि चहा पुढे केला. प्रफुल्लला तिचा अभिमान वाटला. प्लांटवर सगळ्यांना सांगून आला तो. तिला वाटलं, कपबशी उचलून भिंतीवर फेकावी, त्या भिंतीवर, पण चिमी दचकली असती.

कुसुमताई महिना अर्धवट सोडून परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी मागच्या आंगणात गेल्या, तारेजवळ उभ्या राहिल्या. तारेवर काही नव्हतं. "मंगळवारी टाकला होता का टावेल?" "हो." "किती वाजता?" "दहा असतील." "अन् मंग?" "मग मी चिमीला अंघोळ घालत होते." बस, एवढंच. आणखी काही बोलल्या असत्या तर तृप्तीकडे उत्तरं तयार होती, धारदार, पाठ केलेली: मी एकटी होते, लेकरू आजारी होतं, त्यांचा मुलगा कुठे होता, तुमचा मुलगा कुठे होता, मीच का, बावीस घरांत कान फक्त माझेच का? सासूनं वरणाला फोडणी दिली आणि जेवायला वाढलं. दोन दिवसांनी मोहाडीहून धनीराम आला, व्यापाऱ्याचा माणूस, अर्धी साडी कापून न्यायला. त्याच्याबरोबर दोघी आत गेल्या. त्यानं कापडाच्या काठाला बोट लावून दाखवलं: काकाजी रोज काम थांबवताना काठाच्या धाग्यात लाल दोऱ्याची बारीक गाठ घालायचे, दिवसाचं मोजायला. "ही सोमवारची गाठ. अन् हिच्या पुढं पाहा. एक, दोन, तीन. तीन बोटं विनलं हाये." त्यानं स्वतःची तीन बोटं डागाच्या अलीकडे आडवी ठेवली. "करवती काठ, त्यांचा हात. तीन बोटं म्हनजे अर्धा घंटा. जास्त नाई." हिशेब त्यानं सहज केला, विणणाऱ्याच्या सवयीनं, आणि कात्री मागितली. दहाला टॉवेल. अर्धा घंटा. साडेदहा. डॉक्टरला हवी होती ती वेळ, मिनिटापर्यंत, त्या कापडात विणलेली होती. आणि साडेदहाला तृप्ती लेकराच्या मानेला पावडर लावत होती, आणि अकराला शांततेचे आभार मानून झोपली होती. साडेचार तास तीन वाजता संपले. तेव्हा ती उठून चहा करत होती. चहात आलं टाकलं होतं, तेही आठवतं.

पंधरा दिवसांनी हेमराज काकाजींना नागपूरला घेऊन गेला. बेसा रस्त्यावर फ्लॅट, चौथा मजला. तो आणि त्याची बायको रीता दोघंही नोकरीवर. दिवसा एक बाई ठेवली आहे म्हणाला. तृप्तीनं प्रफुल्लच्या मागे लागून लागून एक रविवार काढला. घर भरलेलं होतं, पोहे झाले, टीव्ही चालू, काकाजी खिडकीजवळच्या पलंगावर, दाढी केलेली, स्वच्छ बनियन. "पाहा बाबा, कोन आलं! तुमची चिमाबाई!" त्यांनी डाव्या हातानं चिमीचा पाय धरला आणि सोडला नाही. सगळे हसले. प्रफुल्ल निघताना जिना उतरता उतरता म्हणाला, "चांगलं ठेवलं हाय हं त्यानं. झालं समाधान?" झालं नव्हतं. कारण तिला सवय आहे, लेकराच्या खोलीत शिरल्यावर आधी काय कुठे आहे ते बघायची. पाण्याची बाटली आणि वाजवायची घंटी, दोन्ही पलंगाच्या उजव्या बाजूच्या स्टुलावर होत्या. उजव्या. जो हात बोटभरही हलत नाही त्या बाजूला. तिनं गुपचूप दोन्ही उचलून डावीकडे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या, तर रीता म्हणाली, "तिकडं नका ठेवू वहिनी, सांडवतात, गादी खराब होते," आणि पुन्हा उजवीकडे ठेवल्या. अगदी गोड बोलत. काकाजींच्या टाचेला कापसाची पट्टी होती. तिनं विचारलं तर हेमराज म्हणाला, चपलेनं लागलं. चपलेनं! न चालणाऱ्या माणसाला.

त्यानंतर ती फोन करायला लागली. आधी दोन दिवसांनी, मग रोज. दिवसाची बाई सोडून गेली होती. "दुसरी पाहून राहिलो, वहिनी." आठवड्यानंतरही पाहूनच राहिले होते. "मग दिवसा कोण असतं?" "असते कोनी ना कोनी." "कोण, हेमराजभाऊ?" "वहिनी, बाहेरून कुलूप लावून जातो, दुपारी मी एखाद्या वेळी चक्कर मारतो. काय करू? नोकरी सोडू? तुम्ही काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या?" काहून. तेव्हा तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं, खरं सांगितलं तर त्याला कळेल की ही विचारतेय ती शेजारधर्म म्हणून नाही. तो म्हणेल, या, बघा, तुमचाही हक्क आहे. टॉवेल सांगितला. मंगळवार सांगितला. तीन बोटं सांगितली. मग हेमराज म्हणाला, "म्हनजे बाबा तुमच्या लेकराच्या झोपेसाठी माग बंद ठेवत होते." "हो." "अन् आम्ही तुमच्या पाया पडलो." "हो." "बरं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला तिचा फोन लागत नाही. प्रफुल्लचाही नाही. कुसुमताईंचाही नाही. "कशाले सांगतलं तू?" प्रफुल्ल ओरडला, सहा वर्षांत पहिल्यांदा एवढ्यांदा. "देव मानत होता तो तुले!" ती त्याहून मोठ्यांदा ओरडली, आणि कुसुमताई चिमीला उचलून बाहेर घेऊन गेल्या. हेमराजला तसं वागायचा पुरता हक्क आहे, हेच तर तिला सहन होत नाही. त्याच्यावर रागवायला जागाच त्यानं ठेवली नाही. गेल्या बुधवारी ती चिमीला सासूकडे ठेवून एकटी बसनं नागपूरला गेली. खालच्या चौकीदारानं रजिस्टर पाहिलं, वर फोन लावला, आणि म्हणाला, मॅडम, तुमचं नाव सांगितल्यावर नाही म्हणाले, जाऊ देता येत नाही. तिनं खालून चौथा मजला बघितला. खिडकी बंद होती, पडदा ओढलेला. दुपारचे दोन वाजले होते.

तिला कोणी आत घेणार नाही. वासुदेवराव म्हणतात दुसऱ्याच्या घरात कशाला, ग्रुपवर हात जोडलेली चिन्हं येतात, प्रफुल्ल म्हणतो विसर आता. कुसुमताई काल फक्त म्हणाल्या, "कोनाले तरी पाठव." कोणाला? म्हणून ती तुम्हालाच सांगते आहे. तुम्हाला हेमराज ओळखत नाही, तुमचं नाव त्या चौकीदाराच्या रजिस्टरात नाही. बेसा रस्त्यावर 'श्रीनिकेतन' म्हणून पिवळी इमारत आहे, चौथा मजला, चारशे तीन. कुरियर आहे म्हणा, पाणी गळतंय म्हणा, काहीही म्हणा. दाराला बाहेरून कुलूप दिसलं तर शेजारच्या चारशे चारला विचारा, आत माणूस आहे हे तुम्हाला माहीत आहे का. नसेल तर त्यांना सांगा. मोतीलाल नाव आहे. बोलत नाहीत, पण सगळं कळतं. उजवा हात चालत नाही, डावा चालतो. पाणी डावीकडे आहे का तेवढं बघा. आणि दुपारीच जा, अकरा ते पाचच्या मध्ये कधीही. रविवारी जाऊ नका. संध्याकाळीही जाऊ नका. तेव्हा घर भरलेलं असतं, पोहे देतात, आणि माणूस समाधानानं परत येतो.